‘नंतर’, ‘सांभाळ’ आणि ‘ताबा’ : विभक्त पालकांविषयीच्या कायदेभाषेची समीक्षा

आईवडील वेगळे राहू लागले म्हणजे मूल कोणाचे, हा प्रश्न घरात भावनेचा, न्यायालयात हक्काचा आणि आयकराच्या विवरणपत्रात आकड्यांचा होतो. प्रश्न एक असला तरी तो या तिन्ही ठिकाणी एकाच व्याकरणात विचारला जात नाही. कोठे नामाने, कोठे क्रियापदाने, तर कोठे एका शब्दयोगी अव्ययाने त्याचा निकाल लागतो. कायद्याचा न्याय्यपणा हा विधिशास्त्राचा विषय खरा. परंतु कायद्याची वाक्यरचना हा भाषाभ्यासकाचा विषय आहे, आणि या प्रकरणी वाक्यरचनेचे परीक्षण केल्यावाचून न्याय्यपणाचा विचार पुरा होत नाही.

प्रथम मराठी बोलीची व्यवस्था पाहावी. ‘मला दोन मुले आहेत’, ‘माझे घर आहे’ आणि ‘माझ्याकडे किल्ली आहे’ ही तिन्ही वाक्ये स्थूलमानाने ‘असणे’ सांगतात. पण पहिल्यात ‘ला’ नाते दाखवतो, दुसऱ्यात ‘चे’ स्वामित्व दाखवते आणि तिसऱ्यात ‘कडे’ तात्पुरते जवळ असणे दाखवते. ‘माझ्याकडे दोन मुले आहेत’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाराला ती पाळणाघर चालवणारी बाई वाटेल. म्हणजे नाते, मालकी आणि जवळिकीचे स्थान हे तीन अर्थ वेगळे ठेवण्याची सोय मराठीत मुळातच आहे, आणि साक्षर-निरक्षर सर्व मराठी भाषक ती न चुकता वापरतात.

ही सोय कागदावर येताना हरवते. ठाण्यातील टेंभी नाक्याचा परिसर या दृष्टीने उदाहरणादाखल घेण्याजोगा आहे. १८७९ मध्ये बांधलेले बेने इस्राएल समाजाचे सिनेगॉग, जुनी वस्ती, नवरात्रातील देवीचा उत्सव यांचा हा भाग. आणि येथून जवळच कोर्ट नाका, म्हणजे जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय. घरात बोलली जाणारी मराठी आणि अर्जात लिहिली जाणारी मराठी यांच्यामधले अंतर येथे पायी तोडण्याइतके थोडे आहे. १९९८ च्या अधिसूचनेने काही अपवाद वगळता महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली. तथापि घरात ‘मूल आईकडे असते’ असे सांगणारी स्त्री अर्जात ‘मुलाचा ताबा’ मागते. ‘ताबा’ हा शब्द अरबी मुळाचा. अधीनता हा त्याचा गाभा. जमिनीचा ताबा, सदनिकेचा ताबा, मालाचा ताबा या प्रयोगांच्या रांगेत मूलही जाऊन बसते. ‘दावा’ आणि ‘हक्क’ हे त्याचे सोबती त्याच जुन्या दरबारी व्यवहारातून आलेले आहेत. मूल स्वतः कागदावर ‘अज्ञान’ ठरते, आणि त्याच्या नावे शेतजमीन असल्यास सातबारावर ‘अ.पा.क.’, म्हणजे ‘अज्ञान पालक कर्ता’, या संक्षेपाखाली त्याच्या वतीने वागणाऱ्याचे नाव येते. या संक्षेपात एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात ‘कर्ता’ आहे. कोणी तरी काही करीत आहे, याची खूण महसुली दप्तराने राखली आहे.

ही खूण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ मध्ये सापडत नाही. अज्ञान मुलगा व अविवाहित मुलगी यांचा नैसर्गिक पालक पिता, आणि त्याच्यानंतर माता, अशी त्या कलमाची रचना आहे. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, असे परंतुक त्याला जोडलेले आहे. येथे क्रियापद नाही, क्रम आहे. पित्याने काय केले किंवा काय केले नाही, हे विचारण्यास वाक्यात जागाच ठेवलेली नाही. साऱ्या वाक्याचा भार ‘नंतर’ या एका शब्दावर पडतो, आणि तो शब्द कालवाचक असल्यामुळे पित्याच्या हयातीत मातेची पाळी येत नाही, असा सरळ अर्थ निघतो.

हा सरळ अर्थ प्रत्यक्ष जीवनापुढे टिकला नाही. जिजाबाई विरुद्ध पठाणखान या महाराष्ट्रातील शेतजमिनीच्या प्रकरणात, १९७० मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर अशी वस्तुस्थिती होती की आईवडील वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते, मुलीचे पालनपोषण व तिचे व्यवहार आईच पाहत होती आणि आईने मुलीच्या वतीने जमीन कसण्यास लावून दिली होती. पिता हयात होता. परंतु तो मुलीच्या बाबतीत नसल्यासारखाच आहे, असे मानून न्यायालयाने आईला नैसर्गिक पालक ठरवले. निकाल योग्य होता. पण ‘नंतर’चा अर्थ न बदलता तो द्यावयाचा म्हणून जिवंत माणसाला व्याकरणापुरते अनुपस्थित मानावे लागले.

पुढे प्रश्न पैशाच्याच वाटेने पुन्हा आला. १९८४ च्या डिसेंबरात लेखिका गीता हरिहरन यांनी अज्ञान मुलाच्या नावे वीस हजार रुपयांच्या रोख्यांसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. आईने पालक म्हणून सही करावी, हे पतिपत्नींनी मिळून ठरवलेले होते. तरीही पित्याची सही किंवा आईच्या पालकत्वाचे प्रमाणपत्र मागण्यात आले. याच्याबरोबर सुनावणीस आलेल्या वंदना शिवा यांच्या अर्जात मात्र पतिपत्नींमध्ये घटस्फोटाचा वाद चालू होता. पिता मुलात रस न घेता आपणच एकमेव नैसर्गिक पालक असल्याचे सांगत राहतो, असा मातेचा आक्षेप होता. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अर्जांवर निर्णय देताना ‘नंतर’ म्हणजे ‘हयातीनंतर’ असे न मानता ‘अनुपस्थितीत’ असे मानले. आणि अनुपस्थितीत पित्याची उदासीनता, आजारपण, दूर राहणे यांचाही समावेश केला. कालवाचक शब्द अशा रीतीने स्थितिवाचक झाला.

अर्थशास्त्रज्ञ किंवा समाजसुधारक या निर्णयाचे स्वागत करील. भाषाभ्यासकाला त्यातील मर्यादाही दिसते. अर्थ बदलला, पण वाक्याचा क्रम बदलला नाही. माता पालक होते ती पित्याच्या अभावामुळे. स्वतःच्या कृतीमुळे नव्हे. तिने वीस वर्षे मूल वाढवले हे पुराव्यात येते, विधानात येत नाही. विधी आयोगाने २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात पित्याचे हे अग्रस्थान काढून टाकण्याची शिफारस केली, ती या दृष्टीने उचितच होय.

आता आयकराकडे वळावे. १९९२ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या आयकर अधिनियमात कलम ६४ (१क) घातले. अज्ञान मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवावे, असे त्याने ठरवले. मुलाच्या अंगमेहनतीचे किंवा विशेष गुण-कौशल्याचे उत्पन्न यातून वगळले. प्रत्येक अज्ञान मुलामागे १,५०० रुपयांपर्यंत सूट होती. दोघांपैकी कोणत्या पालकाच्या उत्पन्नात, याचे उत्तर दोन वाक्यांत दिले होते : आईवडिलांचा विवाह अस्तित्वात असेल तर ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या, अस्तित्वात नसेल तर त्या वर्षी जो पालक मुलाचा सांभाळ करतो त्याच्या. या अधिनियमाची जागा घेण्यासाठी झालेल्या २०२५ च्या आयकर अधिनियमातही, ज्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली, अज्ञानाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवण्याचे तत्त्व कायम राहिले.

दुसरे वाक्य लक्षणीय आहे. पालकत्वाच्या कायद्याला जे साधले नाही ते करविषयक कायद्याला साधले : त्याने लिंग विचारले नाही, क्रम विचारला नाही, क्रियापद विचारले. परंतु हे क्रियापद फक्त घटस्फोटितांच्या वाट्याला येते. विवाह ‘अस्तित्वात असणे’ आणि ‘नसणे’ या दोनच अवस्था हे कलम ओळखते. मराठीत ‘विभक्त’ किंवा नुसते ‘वेगळे राहतात’ या शब्दांनी सांगितली जाणारी तिसरी अवस्था त्याला दिसत नाही. समजा, टेंभी नाक्याजवळ माहेरी राहणाऱ्या एका स्त्रीचे वार्षिक उत्पन्न सहा लाख, डोंबिवलीस राहणाऱ्या तिच्या पतीचे चौदा लाख, आणि आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेल्या ठेवीवर चाळीस हजार व्याज येते. दावा तीन वर्षे पडून आहे. मूल आईकडे, पासबुक आईकडे. पण विवाह कायद्याने शिल्लक असल्यामुळे व्याज पित्याच्या उत्पन्नात मिळते. ज्या मुलाचा सहवास नाही त्याच्या व्याजावर कर का भरावा, हा पित्याचा प्रश्न. ज्याने सांभाळले नाही त्याच्या हिशेबात मुलाचे नाव का, हा आईचा. दोघांचेही म्हणणे एकाच रिकाम्या जागेकडे बोट दाखवते. हुकूमनामा झाला की वाक्य बदलते आणि व्याज आईच्या हिशेबात येते. मुलाच्या जीवनात मात्र त्या दिवशी काहीही बदललेले नसते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हाच वाद उलट बाजूने येतो. तेथे अवलंबित मूल दाखवल्याने करात सवलत मिळते. म्हणून विभक्त पालकांपैकी प्रत्येकाला ते आपल्या विवरणपत्रात हवे असते. तेथील नियम मुलाने वर्षात कोणाकडे अधिक रात्री काढल्या हे मोजतो. रात्री समसमान असल्यास अधिक उत्पन्नाचा पालक पात्र ठरतो. आणि मूल ज्याच्याकडे राहते तो पालक ८३३२ क्रमांकाच्या लेखी नमुन्याने आपला अधिकार दुसऱ्याला सोडून देऊ शकतो. आपल्या पालकत्वाच्या कायद्यात क्रम आहे, करकायद्यात अर्धीमुर्धी क्रिया आहे, अमेरिकेत गणना आहे. गणनेत माया नसते हे खरे. पण तिला ‘विवाह अस्तित्वात आहे काय’ या प्रश्नावर सर्वस्वी विसंबावे लागत नाही, हा तिचा गुण मान्य करावा लागतो.

क्रियापदाचा पक्ष घेताना एका अडचणीला सामोरे जाणे आवश्यक आहे. इंग्रजी कायद्यातील ‘मेंटेन’ हे क्रियापद खर्च चालवणे आणि संगोपन करणे हे दोन्ही अर्थ वाहते. मराठीत हे अर्थ फुटून वेगळे झाले आहेत : पैशाने होते ते ‘पोसणे’, हाताने होते ते ‘सांभाळणे’. ‘पोटगी’ हा शब्द तर ‘पोट’ या शब्दापासूनच झालेला. भुकेपलीकडचे काही त्यात नाही. दरमहा पोटगी पाठवणारा पिता मुलाला पोसतो असे म्हणता येईल. तापात रात्रभर उशाशी बसणारी आई त्याला सांभाळते. इंग्रजी शब्दाच्या आडोशाने दोघेही एकाच वाक्याचे कर्ते असल्याचे सांगू शकतात; मराठी अनुवादकाला मात्र निवड करणे भाग पडते, आणि त्या निवडीबरोबर न्यायही बदलतो. शालेय शुल्काच्या वजावटीचे तसे नाही. १९६१ च्या अधिनियमातील कलम ८०ग अन्वये ती दोन मुलांपर्यंत शुल्क भरणाऱ्याला मिळे. ‘भरणे’ या क्रियेची पावती असते, ‘सांभाळणे’ या क्रियेची नसते.

यावर असा आक्षेप येईल की कायद्याला निश्चिती हवी असते आणि नामे क्रियापदांहून अधिक निश्चित असतात. विवाहाचा दाखला मिळतो, सांभाळाचा मिळत नाही. आक्षेप निराधार नाही. परंतु शाळेची नोंदवही, दवाखान्याची केसपेपरे, शिधापत्रिकेवरील पत्ता हे सांभाळाचेच पुरावे होत. आणि १९७० सालीच न्यायालयाला अशा वस्तुस्थितीवर विसंबून निर्णय देता आला होता. शिवाय वरील उदाहरणात व्याज आईच्या हिशेबात आले तर तिच्यावर कराचा भार येतो, हे दृष्टिआड करता येत नाही. मात्र तिचे उत्पन्न कमी असल्यामुळे तो भार हलका असतो, आणि तो ज्या पैशावर आहे तो पैसाही तिच्याच देखरेखीखाली असतो. जबाबदारी आणि हिशेब एका हाती आले की निदान मुलाचा पैसा दोन घरांच्या भांडणात अडकत नाही.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचे ठरवले. ‘त्याच्यानंतर माता’ या क्रमाला दिलेले हे उत्तर स्वागतार्ह आहे. पण तेही क्रमानेच दिलेले उत्तर आहे. नामांची अदलाबदल करणे सोपे असते. ज्या पालकाने त्या वर्षी मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ केला तो, मग विवाह अस्तित्वात असो वा नसो, एवढे एक वाक्य पालकत्वाच्या आणि कराच्या दोन्ही कायद्यांत सारखेच लिहिता आले, तर टेंभी नाक्यावरच्या घरातली मराठी आणि कोर्ट नाक्यावरच्या अर्जातली मराठी यांत या एका बाबतीत तरी फरक उरणार नाही.