सेनापतीचें दप्तर आणि भावाची लेखणी

एखादा लढवय्या निवर्ततो, त्याच्या रोजनिशा, पत्रें व हुकूम एखाद्या संग्राहकाच्या हातीं येतात, आणि कांहीं दिवसांनीं मृताचा भाऊ किंवा पुतण्या दारीं येऊन म्हणतो कीं, हे आमच्या घरचे कागद आहेत, आम्हांस चरित्र लिहावयाचें आहे, ते द्यावे. मागणाराचा हक्क नाकारवत नाहीं. त्याच्या हातीं कागद जसेच्या तसे राहतील असा भरंवसाही वाटत नाहीं. अशा वेळीं संग्राहकानें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर निवळ तर्कानें देण्यापेक्षां एका प्रसिद्ध चरित्रग्रंथाच्या परीक्षणानें देणें अधिक सोयीचें होईल.

सिंध जिंकणारा सर चार्ल्स नेपियर १८५३ च्या ऑगस्टमध्यें वारला. पुढें चारच वर्षांनीं, म्हणजे १८५७ सालीं, त्याचें चरित्र लंडन येथें चार खंडांत प्रसिद्ध झालें. लेखक त्याचा धाकटा भाऊ सर विल्यम नेपियर. हा विल्यम कांहीं अनभिज्ञ गृहस्थ नव्हे. स्पेन-पोर्तुगालच्या युद्धांत तो स्वतः लढला होता, व त्या युद्धाचा त्यानें १८२८ ते १८४० या काळांत सहा खंडांत प्रसिद्ध केलेला इतिहास नांवाजलेला आहे. अस्सल साधनाचें मोल त्यास कळत नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. भावाचीं पत्रें व रोजनिशींतील टिपणें त्यानें या ग्रंथांत मुबलक छापलीं. त्याबद्दल त्याचें ऋण प्रथम मान्य केलें पाहिजे.

परंतु हा ग्रंथकार साक्षीदार नसून पक्षकार आहे, हें वाचकानें क्षणभरही विसरतां कामा नये. १८४३ च्या १७ फेब्रुवारीस मियाणीची व २४ मार्चास दबोची लढाई होऊन सिंध खालसा झाला. अमीरांवर अन्याय झाला असें जेम्स औट्रम याचें मत होतें, आणि तो तर हैदराबादेस अमीरांच्या दरबारीं राहून आलेला, १५ फेब्रुवारीस तेथील रेसिडेन्सीवर हल्ला झाला तेव्हां ती लढविणारा अधिकारी. विल्यमनें १८४५ सालीं भावाची बाजू घेऊन सिंधविजयावर ग्रंथ लिहिला. औट्रमनें १८४६ सालीं त्यावर सविस्तर टीका प्रसिद्ध केली. १८५१ सालीं विल्यमनें भावाच्या सिंधमधील कारभाराचें समर्थन करणारा आणखी एक ग्रंथ काढला. म्हणजे चरित्र प्रसिद्ध होण्यापूर्वीं बारा वर्षें त्यानें भावाचें वकीलपत्र घेतलेलें होतें. वकिलानें लिहूं नये असें नाहीं. पण वकिलाच्याच हातीं कागदांची निवड, काटछाट आणि त्यांवरील भाष्य हीं तिन्ही कामें एकवटलीं, तर पुढें आलेला पुरावा पुरा आहे कीं अपुरा, हें ठरविण्यास वाचकाजवळ साधनच उरत नाहीं. कोणतें पत्र वगळलें, कोणतें वाक्य गाळलें, हें छापील पानावरून कळत नाहीं. प्रस्तुत चरित्राचा मुख्य दोष हाच होय.

येथें एक आक्षेप येईल. सिंध बळकावण्याचा आपणांस कांहीं अधिकार नाहीं, तरी आपण तो घेऊंच, आणि ती लबाडी मोठी उपयुक्त ठरेल, अशा आशयाची जी प्रसिद्ध कबुली सर चार्ल्सच्या नांवावर सर्वत्र दिली जाते, ती याच चरित्रांत छापलेल्या रोजनिशींतील आहे. भावानें ती लपविली नाहीं. मग त्यास अविश्वासू कां म्हणावें? याचें उत्तर असें कीं, पक्षकारानें आपल्याच पक्षाविरुद्ध जें छापलें, तें अधिक विश्वसनीय मानावें. पण त्याच न्यायानें जें त्याच्या पक्षास अनुकूल आहे, तें अस्सलाशीं ताडून पाहिल्यावांचून घेऊं नये. नेपियर घराण्याच्या कागदांपैकीं मोठा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे, म्हणूनच असें ताडून पाहण्याची वाट मोकळी राहिली आहे.

भावाच्या हातीं कागद गेल्यानें काय होऊं शकतें याचा दुसरा आणि अधिक कडू दाखला त्याच सिंधच्या प्रकरणांत सांपडतो. खैरपूरचा मीर रुस्तुम आणि त्याचा धाकटा भाऊ अली मुराद यांमध्यें १८४२ सालीं तंटा होऊन जो तह झाला, तो कुराणाच्या पोथींत लिहिलेला होता. नेपियरनें रुस्तुमाविरुद्ध अली मुरादाचा पक्ष घेतला. पुढें १८५० सालीं इंग्रज सरकारनें चौकशी केली, तेव्हां अली मुरादानें पोथींतील पान बदलून गांवाच्या ठिकाणीं परगणा घातल्याचें ठरलें, व १८५२ सालीं त्याच्या मुलुखाचा मोठा भाग जप्त झाला. एका भावानें द्वेषानें व लोभानें पान बदललें. दुसऱ्या भावानें प्रेमानें पानें निवडलीं. दोहोंची नीति एक नव्हे, आणि विल्यमवर बनावटीचा आरोप करण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु कागदाच्या दृष्टीनें पाहतां, प्रेम हीही एक बाधाच आहे, आणि ती अधिक उशिरां ध्यानांत येते.

तथापि यावरून नातलगांस दप्तरास हात लावूं देऊं नये असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. अक्षर कोणाचें, टोपणनांव कोणाचें, अमुक पत्राचा रोख कोणाकडे, हें घरच्या माणसाइतकें दुसरा कोणी सांगूं शकत नाहीं. शिवाय परका माणूस निर्दोष असतो असेंही नाहीं. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनीं १८५७ च्या धामधुमीची जी हकीकत लिहून ठेविली, ती चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ या नांवानें छापली, तेव्हां तींत पुष्कळ फेरफार केले. वैद्य हे गोडशांचे नातलग नव्हते. विद्वान् होते, सद्हेतूचे होते. पण त्यांनीं मूळ मोडी बाड नष्ट केलें नाहीं. तें भारत इतिहास संशोधक मंडळांत येऊन पोहोंचलें, आणि १९६६ सालीं दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ संहिता प्रसिद्ध करतांच सर्व फेरफार उघड झाले. वैद्यांची चूक दुरुस्त होण्याजोगी राहिली, ती केवळ अस्सल शिल्लक होतें म्हणून.

तात्पर्य, संग्राहकानें मागणाराच्या स्वभावाची परीक्षा करीत बसूं नये. ती परीक्षा बहुधा चुकते. कागदांची व्यवस्था आधीं करावी. प्रत्येक पानावर अंक घालावा, पानांच्या संख्येसह यादी करावी, छायाचित्रें घ्यावीं, अस्सल एखाद्या विश्वसनीय संस्थेंत दाखल करावें, आणि मग नातलगास नक्कल मोकळ्या हातानें द्यावी. त्यानें काय गाळलें, काय बदललें, हें यादी व अस्सल मिळून पुढील पिढीस सांगतील. एकुलतें एक अस्सल मात्र कोणासही, मग तो मृताचा सख्खा भाऊ असला तरी, घरीं नेऊं देऊं नये. नातलगास राग येईल. तो सोसावा. मेलेल्या शिपायास आतां स्वतःची बाजू मांडतां येत नाहीं. त्याचें हस्ताक्षर तेवढें ती मांडूं शकतें, आणि तें राखणें आपलें काम आहे.