विगवाली विश्वस्त मंडळी

शाखेचा ग्रुप फोटो निघतो तेव्हा साहेब मधल्या खुर्चीत बसतात आणि मी मागच्या रांगेत कुणाच्या तरी कानाआडून डोकावतो. त्यामुळे बड्या लोकांची व्यक्तिचित्रं ही कला आपल्याला आतून कळते, असा माझा समज आहे.

कॉर्नेलिस त्रोस्त (१६९६-१७५०) हा अॅम्स्टरडॅमचा चित्रकार मला आवडतो तो याच कारणानं. गडी आधी नाटकात होता. लग्नही नटीशीच केलं, आणि मग रंगभूमी सोडून तोंडाला लावायचे रंग कॅनव्हासला लावू लागला. १७२९ साली त्यानं तिथल्या गोरगरिबांच्या अनाथालयाच्या विश्वस्तांचं भिंतभर चित्र काढलं. ते आज राइक्सम्युझियममध्ये आहे. काय त्या विगा! काय ते हात! नाटकवाल्याशिवाय माणसं इतकी बेतून कोण बसवणार? पण संस्था अनाथांची असूनही माझी नजर काही त्या विगांवरून हलत नाही. आमच्या वार्षिक अहवालासारखंच हे. आकडा एकही खोटा नसतो, पण आत काय चाललंय ते काही कळत नाही.

ते कळतं १७४० च्या सुमारास त्यानं काढलेल्या ‘नेलरी’ या पाच चित्रांत. ही हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहेत. पाच लॅटिन वाक्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. एका घरी मित्रमंडळी जमतात. पहिल्या चित्रात कुणीच बोलत नाही, दुसऱ्यात गप्पा, तिसऱ्यात सगळे एकदम बोलताहेत, चौथ्यात घरभर गोंधळ. पाचव्यात ज्यांना चालता येतं ते चालतात, बाकीचे आडवे! विगा त्याच काळातल्या, माणसंही तसलीच खाऊनपिऊन सुखी. पण इथे पैसे मोजून पोझ देणारं कुणी नाही. त्रोस्तची खरी व्यक्तिचित्रं हीच, विश्वस्तांचं चित्र म्हणजे नुसती हजेरी.

जाणकार त्याला डच हॉगार्थ म्हणतात. मला नाही पटत बुवा. हॉगार्थचा उधळ्या शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. त्रोस्तची मंडळी फक्त घरी जातात, तीही जमलं तर. हॉगार्थ तपासणीला आलेला इन्स्पेक्टर. त्रोस्त शेजारच्या टेबलावरचा.

यातल्या चौथ्या चित्राची छापील प्रत मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. परवा साहेबांनी वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले,

“कुठल्या ब्रँचचं गॅदरिंग हो हे?”