नक्कल कोणाच्या आवाजाची?

गिटारच्या ॲम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्राला ‘मॉडेलर’ म्हणतात. १९९८ साली लाइन ६ कंपनीचा ‘पॉड’ आला आणि फेंडर, मार्शल, व्हॉक्स यांचे आवाज एका डबीत मावले. पुढची बहुतेक यंत्रे ‘मूळ ॲम्पच्या अधिक जवळ’ या दाव्यावर विकली गेली. छत्रपती संभाजीनगरात बसून अशा याद्या वाचताना मला एक गोष्ट खटकते: ‘मूळ’ मानलेले बहुतेक आवाज अमेरिका-युरोपातले. आपल्या मिरवणुकांत बुलबुलतरंगाला पिकअप लावून, त्यालाच ‘बँजो’ म्हणत, कर्ण्यातून काढलेला चिरका आवाज मला त्यांत सापडला नाही.

म्हणून यंत्र बदलण्याचे खरे कारण मला निराळे दिसते. २०११ च्या ‘केम्पर’ने चाचणीचे ध्वनी सोडून समोरच्या ॲम्पचा आवाज टिपण्याची सोय केली. बटणांची एकच स्थिती टिपली जाते, ही मर्यादा आहेच. तरी यादी कंपनीकडून आपल्या हाती आली. मिरवणुकीतले जुने ॲम्प आणि कर्णे चालू आहेत तोवर ते टिपले नाहीत, तर अधिक अचूक नक्कल म्हणजे दुसऱ्यांच्याच आठवणी अधिक स्पष्ट ऐकणे ठरेल.