सौरवृक्षाची सावली

‘सौरवृक्ष’ हा शब्द मराठीने फार चटकन स्वीकारला. खांबाला झाड म्हटले की त्याच्याकडून झाडाच्याच अपेक्षा सुरू होतात, हे मात्र नाव ठेवणाऱ्यांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने 2020 साली उभारलेला सौरवृक्ष जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजला. 330 वॅटची 35 पॅनेल्स, म्हणजे साडेअकरा किलोवॅट. किंमत साडेसात लाख रुपये. संस्थेचा मूळ युक्तिवाद जागेचा. पाच किलोवॅटला जमिनीवर 400 चौरस फूट लागतात, खांबावर 4 चौरस फूट पुरतात. शेताच्या बांधावर हे पटते. पण गोंदियासारख्या शहरात राइस मिलांची, शाळांची, कचेऱ्यांची छपरे दिवसभर तापत पडलेली असताना चौकात जागा वाचवायची ती कशासाठी?

उत्तर मिळते ते निसर्गाचे. झाड पाने उगाच अशी मांडत नाही, म्हणे. 2011 साली अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने फांदीवरच्या पानांसारखी छोटी पॅनेल्स लावली, पारितोषिक मिळवले, जगभर वाहवा झाली. मग जाणकारांनी दाखवले की त्याने मोजले ते व्होल्टेज, मिळालेली वीज नव्हे. आणि व्होल्टेज मंद उजेडातही फारसे घसरत नाही. चूक मुलाची कसली? न मोजता टाळ्या वाजवणाऱ्या मोठ्यांची.

गोंदिया साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षाची बेरीज धरली तर पॅनेल दक्षिणेकडे जवळपास तेवढेच कलते हवे. सगळी तशी लावली की झाडपण जाते. चहूबाजूंना फिरवली की चित्र देखणे होते आणि वीज घटते.

खरे तर पानाकडून शिकण्यासारखी गोष्ट आकारात नाहीच. पान पाणी बाहेर सोडून स्वतःला थंड ठेवते. सिलिकॉनचे पॅनेल 25 अंशांपुढे दर अंशाला सुमारे 0.4 टक्के क्षमता गमावते. वैशाखात ते 65 अंशांना तापले, तर सोळा टक्के गेलेच. पाठीमागून वारा खेळता ठेवणे ही साधी युक्ती पोलादी फांद्यांहून अधिक निसर्गाची आहे.

सिंगापूरच्या गार्डन्स बाय द बेमध्ये 25 ते 50 मीटर उंचीचे 18 ‘सुपरट्री’ आहेत. त्यांतल्या 11 वर सौरघट आहेत, पण अंगाखांद्यावर खऱ्या वेलीही वाढवल्या आहेत. झाड हे नाव त्यांनी थोडेफार तरी कमावले आहे.

आपल्याकडे हिशेब सावलीचा मांडावा. 35 पॅनेल्सची सावली फार तर 70 चौरस मीटर, तीही विस्कटलेली. तेवढीच पॅनेल्स बसथांब्यावर सलग छपरासारखी घातली, तर वीजही मिळेल आणि शेजारचा कडुलिंब तोडावा लागणार नाही. मेअखेरीस दुपारी बाराच्या सुमारास सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर येतो. सावली पॅनेलच्या बरोबर खाली पडते. बाक तिथेच हवा. मी पाहिलेल्या एका सौरवृक्षाखाली तिथे लोखंडी कुंपण होते, आणि माणसे समोरच्या पिंपळाखाली बसली होती.