करडईचे फूल व तीन अभ्यासक्रम

कोणत्याही अभ्यासक्रमाचे परीक्षण दोन रीतींनी करता येते. त्यातील घटक, तासिका, श्रेयांक व गुणविभागणी यांची छाननी करणे ही पहिली रीत. ती रूढ आहे आणि सोपीही आहे. दुसरी रीत अशी की, एखादी साधी वस्तू विद्यार्थ्यापुढे ठेवावी आणि ती जाणून घेण्यास, दाखविण्यास व दुसऱ्यास शिकविण्यास त्या अभ्यासक्रमाने त्याला कितपत समर्थ केले आहे, हे पाहावे. प्रस्तुत लेखात कला, कलाशिक्षण व जीवशास्त्र या तीन अभ्यासक्रमांचा विचार दुसऱ्या रीतीने करावयाचा आहे. त्यासाठी निवडलेली वस्तू म्हणजे फलटणच्या शेतातील करडईचे फूल.

ही निवड यदृच्छेने केलेली नाही. फलटण येथे बी. वि. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईवर दीर्घकाळ काम केले आहे. 'नारी-६' हे बिनकाट्यांचे वाण व 'नारी-एनएच-१' हा बिनकाट्यांचा संकर ही त्या कामाची सुपरिचित फळे होत. काटे गेल्यामुळे पीक हाताळणे सुसह्य झाले आणि फुलांच्या पाकळ्या खुडणेही सोपे झाले. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव कार्थॅमस टिंक्टोरियस. त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थच रंगाऱ्याशी निगडित आहे. आपल्याकडे कुसुंबी म्हणून ओळखला जाणारा रंग याच फुलाचा. त्यातील पिवळे द्रव्य पाण्याने धुऊन जाते. तांबडे द्रव्य क्षारयुक्त पाण्यात उतरवून आम्लाच्या साह्याने कापडावर बसवावे लागते. एकाच फुलात शेतकरी, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि रंगारी यांचे व्यवसाय असे एकत्र आलेले आहेत. विद्यापीठात मात्र त्यांची गाठ पडत नाही.

आता फुलाकडे वळू. ज्यास आपण करडईचे एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक लहान फुलांचा समूह, म्हणजे स्तबक असतो. सूर्यफुलही याच कुलातील. परंतु सूर्यफुलाच्या कडेस पाकळीसारखी दिसणारी किरणपुष्पके असतात आणि मध्यभागी नलिकाकृती बिंबपुष्पके असतात. करडईत किरणपुष्पके नसतात. तिची सर्व पुष्पके नलिकाकृती असून ती कडेकडून मध्याकडे क्रमाने उमलतात. प्रत्येक पुष्पकात पाच परागकोश एकमेकांस चिकटून त्यांची नळी झालेली असते आणि त्या नळीतून किंजल वर सरकत येतो. उमलताना पिवळे असणारे पुष्पक कोमेजताना नारिंगी-तांबडे होते. इतके सर्व साध्या भिंगाने दिसू शकते. प्रश्न आहे तो पाहण्याची सवय कोण लावतो, हा.

जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात रेखाचित्रास मोठे स्थान आहे. प्रात्यक्षिक वही आकृत्यांनी भरलेली असावी लागते. रेषा अखंड असावी, छटा देऊ नये, नावे एका बाजूस सरळ ओळीत लिहावीत, असे नियमही विद्यार्थ्यास सांगितले जातात. परंतु रेखन कसे करावे, प्रमाण कसे मोजावे, दिसणाऱ्या शंभर गोष्टींतून कोणत्या दहा ठेवाव्यात, हे शिकविण्यासाठी एकही तासिका राखलेली नसते. जे शिकविलेच नाही त्याची परीक्षा मात्र घेतली जाते. परिणाम सर्व अध्यापकांस ठाऊक आहे : पाठ्यपुस्तकातील वा मागील वर्षाच्या वहीतील आकृती नव्या वहीत उतरते आणि सूक्ष्मदर्शकाखालची काच केवळ हजेरीपुरती राहते. करडईचे फूल ही या रोगाची सोपी कसोटी आहे. या कुलाचा परिचय पुस्तकांतून बहुधा सूर्यफुलाच्या आकृतीने होतो. म्हणून करडई समोर असतानाही ज्याच्या वहीत किरणपुष्पके उगवली, त्याने फूल पाहिलेले नाही, असे निःशंक म्हणता येईल. त्याची आकृती सुबक असेल, नावेही अचूक असतील. पण वस्तू पुस्तकाहून वेगळी असू शकते, हा विज्ञानाचा पहिला धडा त्याला मिळालेला नसतो.

प्राणिशास्त्रात ही अडचण अधिक तीव्र झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे धोरण स्वीकारले. हा निर्णय योग्यच होता. परंतु विच्छेदनाबरोबर प्रत्यक्ष वस्तू पाहून रेखन करण्याचा एक प्रसंगही गेला. जिवंत किडा, पिसे, शिंपले किंवा हालचाल करणारे मेंढरू यांच्या निरीक्षणाने त्याची भरपाई करता आली असती. प्रत्यक्षात ती बहुतांशी छापील तक्ते व पडद्यावरील प्रतिमा यांनी केली गेली. याच फलटणच्या संस्थेने बंगालच्या गरोळे मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' हा मेंढ्यांचा प्रकार सिद्ध केला आहे. इतके मोलाचे जीवशास्त्र गावाच्या शिवारात चालू असता महाविद्यालयीन वहीने तक्त्यावरून नक्कल करावी, ही विसंगती लहान नव्हे.

कलेच्या बाजूची स्थिती निराळी आहे, पण समाधानकारक नाही. मुंबई विद्यापीठ आणि मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय ही दोन्ही १८५७ सालची. एकाच शहरात, एकाच वर्षी जन्मलेल्या या संस्थांचा पदवीच्या नात्याने संबंध जुळला तो १९८१ साली, म्हणजे १२४ वर्षांनी. या दीर्घ काळात चित्रकलेचे शिक्षण विद्यापीठाबाहेर पदविकांच्या रूपाने चालले. १९६५ नंतर त्याची सूत्रे कला संचालनालयाकडे राहिली. त्यामुळे कलेचे काही हितही झाले, कारण लेखी परीक्षेच्या जाचातून तिचा हात मोकळा राहिला. परंतु विज्ञानाच्या शेजाराला ती मुकली. भाषेने या वियोगावर शिक्कामोर्तब केले आहे. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात 'कला शाखा' म्हटली की भाषा, इतिहास, अर्थशास्त्र हे विषय समजावयाचे. त्या शाखेत पेन्सिल हाती धरण्याची गरज पडत नाही. फलटणच्या ज्या मुलास चित्रकलेचे रीतसर शिक्षण हवे, त्यास सांगली, कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागते आणि तेथे गेल्यावर जीवशास्त्राचा निरोप घ्यावा लागतो.

चित्रकलेच्या विद्यार्थ्याचा हात सराईत असतो; त्याला प्रमाण, छायाप्रकाश, रचना यांचे ज्ञान असते. तरीही करडईपुढे तोही चुकण्याचा संभव आहे. संकल्पचित्राच्या अभ्यासात फुलाची सममित, पाकळीबद्ध आकृती त्याच्या हातात इतकी मुरलेली असते की पुष्पकांचा पुंजका तो पाकळ्यांत रूपांतरित करतो. आणि करडई म्हणजे काटे, हा संस्कार दृढ असल्यामुळे बिनकाट्यांच्या वाणासही काटे फुटतात. जीवशास्त्राचा विद्यार्थी पुस्तकाच्या अधीन असतो आणि चित्रकलेचा विद्यार्थी आपल्या हाताच्या सवयीच्या. दोघांच्या चुका निराळ्या दिसल्या तरी मूळ एकच आहे : वस्तूपेक्षा तिच्याविषयीचा पूर्वसमज प्रबळ ठरतो.

तिसरा अभ्यासक्रम कलाशिक्षणाचा. वास्तविक वरील दोहोंचा दुवा तोच व्हावा. शाळेतील चित्रकलाशिक्षक हा मुलास पाहावयास शिकविणारा पहिला माणूस असतो, आणि विज्ञानाच्या तासाला फळ्यावरील पानाची आकृती उतरवून घेणारे मूल तेच असते. परंतु कलाशिक्षकाच्या प्रशिक्षणात निसर्गनिरीक्षणास शास्त्रीय बैठक क्वचितच लाभते आणि विज्ञानशिक्षकाच्या प्रशिक्षणात रेखनास. शिवाय या शिक्षकाचे स्थानच डळमळीत आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असल्यास, कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. गणित वा भाषा यांना जे पूर्णवेळ आसन आहे ते कलेस नाही. फलटणला शिक्षणातील प्रयोगांची परंपरा आहे. मॅक्सिन बर्नसन यांच्या पुढाकाराने तेथे उभ्या राहिलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने व कमला निंबकर बालभवनाने मुलांच्या वाचन-लेखनाचा प्रश्न गांभीर्याने हाताळला. मुलाच्या रेषेकडेही तितक्याच गांभीर्याने पाहणारा शिक्षक घडविणे हे विद्यापीठाचे काम होय.

ही फारकत प्राचीन नाही. पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती-उद्यानात अलेक्झांडर गिब्सन याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराने वनस्पतींची चित्रे काढली. ती आज एडिंबरो येथील शाही वनस्पती-उद्यानात जतन केलेली आहेत आणि वनस्पतिशास्त्राचे साधन व चित्रकलेचा नमुना अशा दोन्ही नात्यांनी त्यांचा अभ्यास होतो. त्या चित्रकाराचे नाव मात्र इतिहासाने राखले नाही. ज्ञान उद्यानाच्या अधिकाऱ्याचे आणि हात अनामिकाचा, ही वाटणी तेव्हाच सुरू झाली होती. आपल्या अभ्यासक्रमांनी तीच वाटणी पुढे चालविली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला असता हाताने आकृती काढण्याचा आग्रह कशासाठी? या आक्षेपाचे उत्तर सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या चरित्रात सापडते. मज्जापेशींच्या रचनेवरील कार्यासाठी त्याला १९०६ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याला बालपणी चित्रकार व्हावयाचे होते. विशेष हे की, छायाचित्रणाचाही तो जाणकार होता. रंगीत छायाचित्रणावर त्याने १९१२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तरीही मज्जापेशी त्याने हाताने रेखाटल्या. छायाचित्र समोरचे सर्व काही सारख्याच निष्ठेने नोंदविते. काय महत्त्वाचे हे ते ठरवीत नाही. आकृती काढणाऱ्यास मात्र प्रत्येक रेषेपाशी निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय म्हणजेच निरीक्षण. वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिताही चित्राचे मोल जाणते : १९५८ पासून शैवालांच्या नव्या जातीचे नाव आकृती वा छायाचित्र यांच्या जोडीशिवाय वैध ठरत नाही. कॅमेऱ्यास येथे विरोध नाही. जो विद्यार्थी आधी रेखाटतो तो नंतर छायाचित्रही डोळसपणे घेतो, इतकेच म्हणणे आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ज्ञानशाखांमधील भिंती दूर करण्याचा संकल्प सोडला. त्यानुसार महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमांची पुनर्रचना होऊन मुख्य व गौण विषयांबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतील खुल्या वैकल्पिक विषयांची सोय झाली. संकल्प स्वागतार्ह आहे. योजनेत मात्र एक मूलभूत उणीव आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास अन्य शाखेचा एक विषय घ्यावा लागतो, पण तो विषय त्याच्या मुख्य विषयाशी बोलत नाही. दोन अध्यापक एका वर्गात येत नाहीत, दोन परीक्षक एका वहीवर सही करीत नाहीत. शिवाय जेथे चित्रकलेचा अध्यापकच नाही तेथे चित्रकलेचा विकल्प कागदावरच राहणार. विषय शेजारी ठेवले म्हणजे विद्या एकत्र येते, हा भ्रम होय.

यास उपाय अवघड नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत फलटणसारख्या ठिकाणी 'निरीक्षण व रेखन' असा दोन श्रेयांकांचा प्रात्यक्षिक विषय आखता येईल. प्रात्यक्षिकाच्या मापाने त्यास साठ तास मिळतात. करडई रब्बीत पेरली जाते व जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास फुलते, म्हणजे दुसऱ्या सत्रात ती हाताशी असते. पहिले वीस तास केवळ रेखनाचे. ते चित्रकलाशिक्षकाने घ्यावेत. तालुक्यातील शाळांतून असे शिक्षक आहेत. त्यांस मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. पुढील वीस तास शेतात व प्रयोगशाळेत जीवशास्त्राच्या अध्यापकाबरोबर. एकाच स्तबकाची कळीपासून कोमेजण्यापर्यंतची दिवसागणिक नोंद विद्यार्थ्याने ठेवावी. शेवटच्या वीस तासांत त्याने हेच फूल शाळेतील मुलांपुढे ठेवून त्यांना रेखाटावयास शिकवावे. मूल्यमापन दोघा अध्यापकांनी मिळून करावे आणि गुण सुबकतेस न देता वस्तूशी असलेल्या इमानास द्यावेत. खोडलेल्या रेषा वहीत राहू द्याव्यात; विद्यार्थ्याचे मत कोठे बदलले, हे त्यांवरूनच कळते.

अशाने जीवशास्त्राचा काटेकोरपणा सैल होईल, ही भीती अस्थानी आहे; उलट नक्कल केलेली आकृती हेच त्या काटेकोरपणाचे खरे वैगुण्य होय. कलेचे स्वातंत्र्य जाऊन ती विज्ञानाची दासी होईल, ही दुसरी भीती अधिक विचार करण्याजोगी आहे. म्हणूनच चित्रकलाशिक्षकास परीक्षक म्हणून समान अधिकार हवा. तो केवळ वह्या सजविण्यास बोलाविलेला कारागीर असेल, तर दापोडीच्या अनामिकाचीच पुनरावृत्ती होईल.

या प्रश्नाची झळ सर्वांत अधिक कोणास लागते, हे अखेरीस ध्यानात घेतले पाहिजे. शहरातील सुस्थित कुटुंबाचे मूल चित्रकलेचा खाजगी वर्ग, संग्रहालय, सहल यांतून ही उणीव भरून काढते. ज्याच्या घरात महाविद्यालयात जाणारा तो पहिलाच आहे, त्याला अभ्यासक्रम देईल तेवढेच मिळते. त्याच्या बांधावर करडई आहे, तिची पेरणी, काढणी व मळणी त्याने लहानपणापासून पाहिली आहे. या फुलाविषयी त्याच्याजवळ अध्यापकापेक्षाही काही अधिक असू शकते. विद्यापीठ त्याला सांगते की ते बाजूस ठेव आणि पुस्तकातील सूर्यफूल उतरवून काढ. तीन अभ्यासक्रमांनी मिळून त्याच्या डोळ्यांवरचा विश्वास त्याला परत दिला, तर त्यांचे सार्थक झाले असे म्हणता येईल.