‘देवदास’चे प्रेक्षक आणि शरदबाबूंचा निवेदक

‘देवदास’ पाहून बाहेर पडलेला माणूस चित्रपटाविषयी क्वचितच बोलतो. तो देवदासविषयी बोलतो, तेही घरातल्या वाया गेलेल्या मुलाविषयी बोलावे तसे. बिमल रॉय यांचा १९५५ चा ‘देवदास’ मी आमच्या फिल्म सोसायटीत आणि वाचनालयाच्या सभागृहात कितीदा तरी पाहिला, आणि नंतरच्या गप्पांत लोक काय म्हणतात ते वहीत उतरवून ठेवायची सवय लागली. मी विद्यापीठातला नाही. वाचनालयाचे कार्ड आणि ही वही एवढेच माझे भांडवल. वहीतली बहुतेक मते दोन शब्दांत मावतात : ‘बिचारा’ आणि ‘नेभळट’. वय वाढते तसा माणूस पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकतो असे मला आधी वाटे, पण वहीत तसे दिसत नाही. एकाच घरातले दोघे भाऊ, एक डोळे पुसत आणि दुसरा चिडत बाहेर पडलेले मी पाहिले आहेत.

हे भांडण चित्रपटाइतकेच जुने आहे. शरदबाबूंची कादंबरी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तरुणपणी लिहिलेली ही गोष्ट बरीच वर्षे पडून होती आणि ती छापायला स्वतः लेखकच फारसा राजी नव्हता. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआंनी १९३५ मध्ये ती बंगालीत पडद्यावर आणली, नायक स्वतःच झाले. पुढच्याच वर्षी हिंदी आवृत्तीत सैगल आले आणि देवदास बंगालबाहेर पडला. त्या हिंदी चित्रपटाचा कॅमेरा बिमल रॉय यांच्या हाती होता. वीस वर्षांनी त्याच गोष्टीकडे ते दिग्दर्शक म्हणून परतले.

‘नेभळट’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत मातबर प्रतिनिधी आपल्या पुण्याचा. देवदासच्या वेडाला उत्तर म्हणून व्ही. शांताराम यांनी प्रभातमध्ये १९३९ साली ‘माणूस’ काढला, हिंदीत ‘आदमी’. शाहू मोडक यांचा गणपत हा साधा पोलीस शिपाई, शांता हुबळीकर यांची मैना ही वेश्या. प्रेम फसते, गणपत कोलमडतो, आणि शेवटी पुन्हा गणवेश चढवून कामावर जातो. प्रेक्षकाने आपले मत तीन तासांचा चित्रपट काढून नोंदवावे, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

पण ‘माणूस’ आज पाहताना एक गोष्ट खटकते. गणपत सावरला, मैनाचे काय? तिच्या हातून खून होतो, ती तुरुंगात जाते, गणपतने देऊ केलेली सुटकाही नाकारते. पुरुषाने कसे जगावे या प्रश्नाला बापूंनी करारी उत्तर दिले, पण प्रश्न देवदासचाच राहिला. नायक रडला काय नि सावरला काय, किंमत कोठ्यावरच्या बाईनेच मोजली. ‘बिचारा’ आणि ‘नेभळट’ ही दोन मते एकमेकांविरुद्ध वाटतात, पण दोघांची नजर एकाच माणसावर खिळलेली असते.

ही नजर तिथे कशी खिळली, याचे उत्तर मला कादंबरीत सापडते. मराठी वाचकाला शरदबाबू भेटले ते बव्हंशी मामा वरेरकरांच्या अनुवादांतून, आणि त्या पिढीच्या वाचकांना त्यांचा निवेदक चांगला आठवत असेल. हा निवेदक गप्प बसत नाही. ‘देवदास’च्या अखेरीस तर तो सरळ वाचकासमोर येतो. देवदास अभागी होता हे सांगतो, त्याला स्वतःवर ताबा नव्हता हेही सांगतो, पापी म्हणायलाही कचरत नाही. आणि मग अशा माणसासाठी प्रार्थना करा, असे मरण कोणाला न येवो, असे विनवतो. म्हणजे निकाल आधी लागलेला आहे आणि दयेची याचना त्यानंतर आली आहे. वाचकाला दोन्ही एकदम मिळतात.

चित्रपटात हा निवेदक गळून जातो. उरतो तो आवाज आणि चेहरा. सैगलांच्या आवाजाला कोणी दोष द्यावा? पुढे सैगलही दारूने गेले, तेव्हा गाणारा आणि भूमिका लोकांच्या मनात एकच होऊन बसली. दिलीपकुमारांच्या बाबतीत राजिंदर सिंह बेदींचे संवाद मदतीला आले. आपण कशासाठी पितो हे चंद्रमुखीला सांगणारा तो संवाद लोक आजही लग्नाच्या पंगतीत म्हणून दाखवतात, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली नेतात. कादंबरीत ज्याच्यासाठी दुसरा कोणी दया मागतो, तो पडद्यावर आपली बाजू आपणच मांडतो, तीही इतक्या मृदू आवाजात. मग प्रेक्षकाने एक तर विरघळावे, नाही तर चिडावे.

वहीतली काही पाने मात्र या दोन खणांत बसत नाहीत, आणि ती बहुतेक बायकांची आहेत. लग्नाआधी पाण्याच्या काठी देवदास पारोच्या कपाळावर काठी मारतो, तो प्रसंग घ्या. पुरुष प्रेक्षक त्याला ‘प्रेमाची खूण’ म्हणतात. एका निवृत्त शिक्षिकेने मला विचारले, “पण त्याआधी ती काय म्हणाली ते ऐकलंत का हो?” प्रश्न अगदी नेमका होता. रात्री एकटी त्याच्या खोलीत येण्याचे धाडस पारोने केले, तो डगमगला, कलकत्त्याला गेला, पत्राने तिला झिडकारले; आणि मन बदलून परतल्यावर पारो त्याला आपल्या घराचाही मान आहे असे सुनावते. काठी बसते ती या उत्तरावर. शरदबाबूंनी हा क्रम पक्का ठेवला आहे, आणि बिमलदांनी तो सांभाळला आहे. २००२ च्या भन्साळींच्या चित्रपटात काठीच्या जागी मोत्यांचा हार आला, आणि जखमेचा दागिना झाला.

दुसरे असे मत वैजयंतीमाला यांचे. चंद्रमुखीच्या कामासाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला, कारण ही भूमिका सुचित्रा सेन यांच्या पारोच्या बरोबरीची आहे. (त्याच वर्षी दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘झनक झनक पायल बाजे’साठी शांतारामबापूंना मिळाला, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.) लोकांनी याला नटीचा अहंकार म्हटले. मी याला ‘देवदास’वरची एक चांगली टीका मानतो. कादंबरीतली चंद्रमुखी कोठा सोडते, खेड्यात लहानसे घर करून राहते, गावकऱ्यांच्या अडीनडीला उपयोगी पडते, आणि देवदासला शोधण्यासाठी पुन्हा कलकत्ता गाठते. रस्त्यावर पडलेल्या त्या माणसाला ती उचलून आणते आणि त्याची शुश्रूषा करते. सगळ्या गोष्टीत आपले आयुष्य स्वतःच्या निर्णयाने बदलणारी ती एकटीच आहे. तिला सहायक कोणत्या हिशेबाने म्हणायचे?

बिमलदांना हे कळले होते, असे मी एका प्रसंगाच्या आधारे म्हणतो. पारो पालखीतून चालली आहे, चंद्रमुखी त्याच वाटेने पायी येते. दोघी एकमेकींकडे पाहतात आणि एकही शब्द न बोलता पुढे जातात. बस. कादंबरीतला सर्वांत सुंदर प्रसंग म्हणून तो मला आजवर अनेकांनी सांगितला आहे. कादंबरीत तो नाही. तिथे या दोघींची गाठच पडत नाही. निवेदक गेल्यावर जी जागा रिकामी राहिली होती, तिथे पटकथेने या दोघींना उभे केले. ते दृश्य चालू असेपर्यंत देवदासला ‘बिचारा’ किंवा ‘नेभळट’ म्हणण्याची कोणालाच आठवण होत नाही, हे मी अंधारात प्रेक्षकांकडे पाहून सांगतो.

शेवटाबद्दलही असेच. पारो धावते आणि वाड्याचा दरवाजा तिच्यासमोर बंद होतो, हे चित्र बरुआंच्या चित्रपटापासून लोकांच्या मनात इतके पक्के बसले आहे की ते मूळचेच वाटते. शरदबाबूंच्या पानावर दरवाजा लागत नाही. माणसे तिला अडवतात, ती बेशुद्ध होते, तिला उचलून आत आणले जाते. पुढे पार्वतीचे काय झाले हे आपल्याला ठाऊक नाही आणि चौकशी करावीशीही वाटत नाही, असे निवेदक म्हणतो. देवदाससाठी आसवे मागणारा हाच निवेदक. माझ्या वहीत मात्र ही चौकशी वारंवार येते. मागच्या खेपेला पहिल्या रांगेतली एक कॉलेजची मुलगी दिवे लागताच म्हणाली, “शुद्धीवर आल्यावर ती त्याच घरात राहिली?” देवदासविषयी तिने काहीच विचारले नाही.