कट्ट्याची कसोटी

दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून क्रिकेट बघत मी लहानाचा मोठा झालो. तिकीट नाही, फाटक नाही. ऑफिसातून परतणारा माणूस पिशवी मांडीवर घेऊन दोन षटकं बघणार, अंपायरला नावं ठेवणार आणि घरी जाणार. त्यामुळे कुठलंही मैदान बघितलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: बिनतिकिटाच्या माणसाला इथं काय मिळतं?

गेल्या उन्हाळ्यात चिरंजीवांच्या हट्टापायी आम्ही बेसबॉलची वारी केली. बाल्टिमोर, पिट्सबर्ग, शिकागो आणि परतताना डेट्रॉईट. सौ.नी निघतानाच बजावलं, "मॅच तुम्ही दोघं बघा, मी गावं बघीन."

जी मंडळी सत्तरच्या दशकात या देशात आली, त्यांना त्या काळची स्टेडियम आठवत असतील. वरून मेदूवड्यासारखी दिसणारी काँक्रीटची गोल बांधकामं, फुटबॉलला तेच, बेसबॉललाही तेच, आणि भोवती पार्किंगचं वाळवंट. १९९२ साली बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्सनं ही रीत मोडली. स्टेडियम भर गावात आणलं, विटा आणि पोलाद उघडं ठेवलं आणि शेजारची बी अँड ओ रेल्वेची हजार फुटांहून लांब जुनी वखार न पाडता तिलाच मैदानाची पार्श्वभूमी केलं. ही वखार बघून मी खरोखर थक्क झालो. बेब रूथच्या वडिलांचा गुत्ताही एकेकाळी याच जागेवर होता. म्हणजे इथला जुनेपणा उसना नाही. पण वखार आणि स्टेडियम यांच्या मधून जाणारा युटॉ स्ट्रीट हा गावाचा खरा रस्ता. मॅचच्या वेळी मात्र तिकीट असेल तरच त्यावर पाऊल टाकता येतं. वाडा झकास, पण ओसरीवर परक्याला बसायची सोय नाही!

पुढं गावोगावी या वाड्याच्या नकला निघाल्या, आणि माझी खरी तक्रार त्या नकलांबद्दल आहे. बॉस्टनच्या फेनवे पार्कची डावीकडची भिंत ३७ फूट उंच आहे, कारण तिच्या मागे लगेच रस्ता आहे. मैदानाला पसरायला जागाच नव्हती. ती अडचणीतून उभी राहिली. ह्यूस्टनच्या २००० सालच्या स्टेडियममध्ये मात्र जुन्या मैदानांची आठवण म्हणून सेंटर फील्डमध्ये मुद्दाम टेकाड घातलं. २०१६च्या हंगामानंतर ते काढून सपाट केलं. जुनं घर आपोआप वेडंवाकडं होतं. नव्या घराला मुद्दाम पोक काढून ते जुनं होत नाही.

पिट्सबर्गचं पीएनसी पार्क २००१चं. देखणेपणात पैकीच्या पैकी गुण. समोर अलेगेनी नदी, पलीकडे शहराच्या उंच इमारती. सर्वांत वरची खुर्चीसुद्धा मैदानापासून ८८ फुटांवर. रॉबर्टो क्लेमेंटेच्या नावाचा पिवळा पूल मॅचच्या दिवशी गाड्यांना बंद असतो आणि लोक चालत येतात. आम्हीही पंढरीला निघाल्यासारखे त्या पुलावरून गेलो. पण १९९७ साली इथल्या मतदारांनी स्टेडियमसाठी वाढीव विक्रीकराला साफ नकार दिला होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या योजनेतून सार्वजनिक पैसा आलाच. ज्यानं 'नको' म्हटलं त्याचाही पैसा लागला, आणि आत जायला त्यालाच पुन्हा तिकीट! त्या देखाव्यापुढं हे विसरायला होतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

शिकागोचं रिगली फील्ड १९१४चं. भिंतीवरची वेल १९३७ची, प्रकाशझोतात मॅच सुरू झाली ती १९८८ साली. इथं माझा कट्टा सापडेल अशी खात्री होती. समोरच्या घरांच्या गच्च्यांवरून शेजारी वर्षानुवर्षं फुकट मॅच बघत. पण पुढं त्या गच्च्यांवर बाकं आली, तिकिटं आली, २००४ साली क्लबशी उत्पन्नाच्या वाट्याचा करार झाला आणि नंतर क्लबच्या मालक-कुटुंबानंच अनेक गच्च्या घेऊन टाकल्या. वेव्हलँड अॅव्हेन्यूवर मात्र एक आजोबा हातमोजा घालून, घडीची खुर्ची टाकून, बाहेर येणाऱ्या चेंडूची वाट बघत बसले होते. तेवढाच कट्टा उरलाय.

डेट्रॉईटला संध्याकाळच्या मॅचची तिकिटं होती. नवं कोमेरिका पार्क. आत मेरी-गो-राउंड आहे, आकाशपाळणा आहे. जत्राच म्हणा ना. दुपारी वेळ होता म्हणून मिशिगन आणि ट्रम्बुलच्या कोपऱ्यावर गेलो. १९१२ ते १९९९ टायगर्सचं मैदान इथं होतं. स्टेडियम २००८-०९ मध्ये पाडलं. मागं उरलेल्या जागेत रान माजलं, तेव्हा आसपासचे लोक परवानगीची वाट न बघता आपापली गवत कापायची यंत्रं घेऊन आले आणि वर्षानुवर्षं ते मैदान त्यांनी राखलं. २०१८ पासून तिथं मुलांसाठी मैदान आहे. हिरवळ कृत्रिम आहे, हे मला पटलेलं नाही. ज्यांनी खरं गवत जपलं त्यांच्या वाट्याला प्लास्टिक यावं हे बरं नव्हे. पण १२५ फुटी जुना झेंड्याचा खांब जागच्या जागी आहे.

आम्ही गेलो तेव्हा दहा-बारा वर्षांच्या पोरांची मॅच चालली होती. विटांचा बाज नाही, देखावा नाही. कुंपणाशी उभ्या असलेल्या एका बाईंनी सरकून आम्हाला जागा दिली आणि कुणाची किती धाव झाली ते न विचारता सांगितलं. चिरंजीवांनी अंपायरला नावं ठेवायला सुरुवात केली. अर्ध्या तासानं मी घड्याळ बघून म्हटलं, "चला, नाहीतर संध्याकाळच्या मॅचला पार्किंग मिळायचं नाही."

सौ. म्हणाली, "थांबा हो, एवढी इनिंग होऊ द्या."